आईचं मेडिकेड आणि मामांच्या शेतातला तिचा हिस्सा

इथे न्यू जर्सीत मराठी घरांमधे आई-बाबांच्या म्हातारपणाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं त्यांना मेडिकेअर आहे ना, मग कसली काळजी!" आणि मला दर वेळी तिथेच थांबवून सांगावंसं वाटतं की बाई, मेडिकेअर वेगळं आणि मेडिकेड वेगळं, आणि आईला उद्या दिवसरात्र सांभाळायला माणूस लागला तर त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही.

मेडिकेअर हॉस्पिटलचं बघतं, डॉक्टरचं बघतं. तीन दिवस हॉस्पिटलमधे रीतसर ॲडमिट असाल (ऑब्झर्वेशनवर ठेवलेले दिवस यात धरत नाहीत, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून घ्या) तर पुढे नर्सिंग होममधे रिहॅबसाठी जास्तीत जास्त १०० दिवस, त्यातले पहिले २० फुकट आणि २१व्या दिवसापासून रोजचे २०९.५० डॉलर आपले, हा २०२५चा आकडा. तेही थेरपी किंवा नर्सिंगची खरी गरज आहे तोपर्यंतच. पण अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, रात्री दोनला उठून "मला घरी जायचंय" म्हणून दार उघडायला निघालेल्या माणसाला परत झोपवणं, याला ते कस्टोडियल केअर म्हणतात आणि त्यासाठी मेडिकेअर एक डॉलर देत नाही. इथल्या नर्सिंग होमचं बिल महिन्याला बारा-पंधरा हजार डॉलर सहज होतं. ते भरणारी मुख्य सरकारी योजना म्हणजे मेडिकेड. गंमत म्हणजे ३० जुलै १९६५ला प्रेसिडेंट जॉन्सननी दोन्हीवर एकाच सहीने शिक्कामोर्तब केलं, एक म्हाताऱ्यांसाठी आणि एक गरिबांसाठी, आणि म्हाताऱ्या माणसाला सांभाळण्याचा सगळ्यात मोठा खर्च जाऊन बसला गरिबांच्या योजनेत. त्यामुळे मध्यमवर्गीय माणसालाही ती मिळवायची तर आधी कागदावर गरीब व्हावं लागतं, आणि ते होण्याचे नियम फार कडक आहेत.

आमची आई बाबा गेल्यावर इकडे आली, ग्रीनकार्डवर, मी स्पॉन्सर केलं. आपल्याकडची बहुतेक आई-वडील मंडळी अशीच येतात, साठी-सत्तरीत, इथे कधी नोकरी न केलेली. त्यांच्यासाठी पहिली अडचण म्हणजे १९९६च्या कायद्यामुळे ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षं मेडिकेड नाही. दुसरी, आपण जो आय-८६४ फॉर्म सही करून देतो, ज्यात मी यांना सांभाळीन असं सरकारला लिहून देतो, त्यामुळे पाच वर्षांनंतरही स्पॉन्सरचं उत्पन्न त्यांच्या नावावर धरलं जाऊ शकतं, आणि ते थांबतं ते सिटिझन झाल्यावर किंवा कामाचे ४० क्वार्टर्स, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, भरल्यावर. ते ४० क्वार्टर्स त्यांचे स्वतःचे किंवा नवराबायकोचे लागतात, मुलाने वीस वर्षं इथे टॅक्स भरला म्हणून आईला ते मिळत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आई-बाबा पाच वर्षांनी सिटिझनशिपला पात्र झाले की लगेच अर्ज करायचा, "आता या वयात कशाला" म्हणत बसायचं नाही. स्मरणशक्ती गेलेली असेल तर डॉक्टरकडून एन-६४८ भरून परीक्षेतून सूट मागता येते, पण त्यापेक्षा आई-बाबा धडधाकट असताना परीक्षा देऊन मोकळे झालेले बरे.

आता पैशाचं. एकट्या माणसाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त नको. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा २०२५मधे २,९०१ डॉलर, त्याच्यावर असेल तर क्वालिफाइड इन्कम ट्रस्ट नावाचं एक खातं उघडून त्यातून पैसे फिरवावे लागतात, न्यू जर्सीत डिसेंबर २०१४ पासून ही सोय आहे. ज्यांनी आयुष्यभर इथे नोकरी केली त्यांना हे लागतं, आमच्या आईसारख्यांना सहसा नाही. नवराबायकोपैकी एकाला केअर लागली आणि दुसरा घरी असेल तर घरच्या माणसासाठी काही रक्कम राखता येते, २०२५ला जास्तीत जास्त १,५७,९२० डॉलर, त्यामुळे बाबांना नर्सिंग होम लागलं की आई रस्त्यावर येईल ही भीती बाळगू नका. आणि जॉइंट अकाउंटचं नीट समजून घ्या. आपण सोयीसाठी आपल्या सेव्हिंग्जवर आईचं नाव घालून ठेवतो, पण मेडिकेड ते सगळेच पैसे आईचे धरतं, तुझे होते हे सिद्ध करायचं काम तुझं, पगाराच्या स्लिपा आणि जुनी स्टेटमेंटं काढून.

इथपर्यंतचं कुठल्याही वकिलाच्या वेबसाइटवर मिळतं. जे मिळत नाही ते म्हणजे इंडियातल्या प्रॉपर्टीचं काय, आणि आपल्या लोकांचं घोडं तिथेच अडतं.

मेडिकेडच्या फॉर्मवर मालमत्ता विचारतात ती जगात कुठेही असलेली. पुण्यातला फ्लॅट, सांगलीच्या बँकेतली एफडी, पोस्टातलं खातं, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं. "त्यांना कुठे कळतंय" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. खोटं सांगितलं तर शपथेवर खोटं सांगितलं असं होतं, आणि सही करणारे बहुतेक वेळा आपण असतो, आईचे प्रतिनिधी म्हणून. शिवाय ग्रीनकार्डवाल्या किंवा सिटिझन आईची परदेशातली खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतोच, म्हणजे एका सरकारी खात्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगण्याची वेळ येते. नकोच ते.

आणि लुकबॅक. अर्ज केल्या तारखेपासून मागची पाच वर्षं ते बघतात, या काळात कोणाला काही फुकट किंवा कमी किमतीत दिलंय का. आधी तीन वर्षं होती, फेब्रुवारी २००६ पासून पाच झाली. दिलं असेल तर त्या रकमेला राज्याच्या नर्सिंग होमच्या सरासरी खर्चाने भागतात आणि जेवढं उत्तर येईल तेवढा काळ मेडिकेड केअरचे पैसे देत नाही. समजा ६५,००० डॉलरची वस्तू दिली आणि सरासरी महिना १३,००० धरला तर पाच महिने. सगळ्यात जाचक भाग असा की हे पाच महिने वस्तू दिली त्या दिवसापासून मोजत नाहीत, आईकडचे सगळे पैसे संपलेत, तिला केअर लागते, बाकी सगळ्या अटी पूर्ण झाल्यात, अर्ज केलाय, त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे हातात काही नाही तेव्हाच बिल अंगावर.

आता आपल्याकडच्या रीती आठवा. नातवाच्या लग्नात आजी दागिने देते. थोरल्याच्या नावावर फ्लॅटचं बक्षीसपत्र करते. आणि बायकांच्या बाबतीत तर हक्कसोडपत्र! २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हिस्सा आहे, त्यामुळे आपल्या आयांची पिढी, ज्यांना माहेरची जमीन आपली आहे असं कधी वाटलंच नाही, त्यांची नावं वारस म्हणून सातबाऱ्यावर लागलेली असतात आणि बऱ्याच जणींना ते माहीतही नसतं. मग कधीतरी भावाला कर्ज काढायचं असतं किंवा विहीर पाडायची असते, तलाठी सांगतो बहिणींच्या सह्या आणा, आणि बहीण भाऊबीजेला येते तेव्हा सही करून जाते, साडी घेऊन, आनंदाने. त्या सहीत प्रेम असतं हे मला मान्य आहे, मी लहानपणापासून ते पाहिलंय. पण मेडिकेडच्या दृष्टीने ते पाच वर्षांच्या आतलं फुकट दिलेलं दान आहे, आणि वारसा नाकारणं हेसुद्धा त्यांच्या लेखी देणंच.

आमच्या मामांचा फोन आला होता, वाईजवळच्या शेताच्या हक्कसोडपत्रासाठी. आईला तेव्हा विसरायला व्हायला सुरुवात झालेली होती. आम्ही एल्डर लॉ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे कायदेशीर प्रश्न, बघणाऱ्या वकीलबाईंना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं सही करू नका, विकायचं असेल तर बाजारभावाने विका. मामांना हे सांगणं फार अवघड गेलं. बहीण भावाकडे पैसे मागते ही गोष्ट आमच्या घरात कोणी ऐकलेली नव्हती, मामी काही दिवस बोलल्या नाहीत. मी मामांना व्हिडिओ कॉलवर नर्सिंग होमचा रेट रुपयांत करून दाखवला, महिन्याला दहा-बारा लाख, आणि म्हटलं मामा, हा हिस्सा माझ्यासाठी नाही मागत, तो आईच्या औषधपाण्यालाच जाणार आहे. मामांनी सरकारमान्य व्हॅल्युअरकडून किंमत काढून घेतली, रेडी रेकनरचा दर जोडला, रीतसर खरेदीखत झालं, पैसे बँकेतून आईच्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) आणि तिथून सीएचे १५सीए-१५सीबी, म्हणजे पैसे बाहेर पाठवायचे टॅक्सचे फॉर्म, लावून इकडे. ते सगळे पैसे तिच्या केअरवर खर्च झाले, आणि अर्ज केला तेव्हा प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासकट जोडलेला होता. आईसारख्या ओसीआय (इथली सिटिझन झालेल्या भारतीय वंशाच्या) माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही पण वारशाने आलेली भारतात राहणाऱ्या भारतीयाला विकता येते, म्हणून मामांना विकणं सोपं पडलं.

यात एक फार महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही. इकडची ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी माणसाचं भान गेलं तरी चालू राहते, भारतातलं मुखत्यारपत्र मात्र माणूस सही करण्याच्या मनःस्थितीत राहिला नाही की कायद्याने संपतं. म्हणजे तिकडचे व्यवहार आई शुद्धीत असतानाच उरकायला हवेत, आणि इकडचा कागदही तेव्हाच करायला हवा, नाहीतर गार्डियनशिपसाठी कोर्टात जावं लागतं आणि त्यात महिनेच्या महिने जातात.

सामाईक जमीन असेल आणि बाकीचे वारस विकायला तयारच नसतील तर तो हिस्सा हाताशी येण्यासारखा नाही असं वकील मांडू शकतात, पण ते कागदाने दाखवावं लागतं, लपवून नाही.

पैशाचं झालं की दुसरी परीक्षा तब्येतीची. नर्स घरी येऊन बघते की माणसाला नर्सिंग होमइतकी केअर खरंच लागते का. न्यू जर्सीत अंघोळ, कपडे, खाणं, चालणं, संडास-बाथरूम अशा रोजच्या कामांपैकी निदान तीनमधे दुसऱ्याच्या हाताची मदत लागायला हवी, किंवा डोकं साथ देत नसेल तर त्यात सतत सांगावं, लक्ष ठेवावं लागायला हवं. आणि आपल्या आया काय करतात? परकी बाई घरी येणार म्हणून आमच्या आईने इस्त्रीची साडी मागितली, केस विंचरून घेतले, नर्सला चहा विचारला, आणि अंघोळ कोण घालतं म्हटल्यावर ताठ बसून म्हणाली, "मीच करते की, सगळं माझं मीच करते." तिच्या दृष्टीने ते खरंच होतं, परावलंबी आहे असं पाहुण्यांसमोर कोण कबूल करेल? त्यामुळे नर्सला बाजूला घेऊन रोजचं खरं सांगायला घरचं माणूस तिथे हवंच, डॉक्टरांचे रिपोर्ट हाताशी हवेत, आणि मी जी वही ठेवायचे, कधी पडली, कधी गॅस चालू राहिला, किती वाजता घराबाहेर निघाली, ती वही त्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोगी पडली. दुभाषा मागा, तो फुकट द्यावा लागतो त्यांना. मराठी म्हणून सांगा, नाहीतर हिंदी पाठवतात आणि आजी आणखीच गोंधळते.

मेडिकेड म्हणजे लगेच नर्सिंग होम असं नाही हेही सांगते. जुलै २०१४ पासून न्यू जर्सीत एमएलटीएसएस हा मेडिकेडचाच दीर्घकाळ केअर देणारा कार्यक्रम आहे, त्यात घरी मदतनीस, जेवणाचे डबे, घरात रॅम्प-बार बसवणं असं बरंच मिळू शकतं. पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅममधे ओळखीची किंवा नात्यातली व्यक्तीसुद्धा पगारी मदतनीस म्हणून लावता येते. ॲडल्ट मेडिकल डे केअर मिळतं, एडिसन-आयसेलिनकडे तर देशी डे केअरच्या व्हॅन सकाळी दारोदार फिरतात, तिकडे गुजराती मंडळी जास्त, पण वरण-भात मिळतो, भजनं होतात, बीपी-शुगर बघायला नर्स असते. आई तिथे जायला लागल्यावर दुपारची झोपेनाशी झाली आणि रात्री झोपायला लागली, यापेक्षा मोठं सुख आम्हाला त्या काळात नव्हतं.

मेडिकेड मंजूर झालं की लोक पेढे वाटल्यासारखे निर्धास्त होतात. पण खरं काम तिथून पुढे, कारण दर वर्षी परत सगळं दाखवायचं असतं. बाबा झेडपीचे शिक्षक, त्यांचं कुटुंब निवृत्तीवेतन आईला मिळतं, त्यासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, नाही दिला तर पेन्शन थांबते, माणूस जिवंत असला तरी. मेडिकेडचं रिन्यूअल अगदी तसंच आहे, गरज तशीच असते पण कागद नाही गेला की कव्हरेज बंद. कोविडमधे हे रिन्यूअल थांबवलेलं होतं, एप्रिल २०२३ पासून परत सुरू झालं तेव्हा देशभरात अडीच कोटींहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं, आणि त्यातल्या बहुतेकांचं पात्र नाहीत म्हणून गेलं नाही, कागद पोचला नाही, फॉर्म अर्धवट राहिला, पत्ता बदललेला अशा कारणांनी गेलं. आपल्याकडे आई सहा महिने या भावाकडे सहा महिने त्या बहिणीकडे असते, तर कुठला पत्ता लागलाय ते बघा, आणि ती दुसऱ्या राज्यात राहायला गेली तर तिकडे नव्याने अर्ज करावा लागतो. इंडियात गेली तर तिकडच्या खर्चाला मेडिकेड नाहीच, आणि मुक्काम लांबला तर ती इथली रहिवासी आहे का हाच प्रश्न येतो.

आणि ते २,००० डॉलर. मंजुरीच्या दिवशी नाही, कायम त्याच्या खाली राहायचं. पेन्शन हे उत्पन्न, ते सांगितलेलंच असतं, पण सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता एकदम जमा झाला आणि तिकडचा बॅलन्स वर गेला की झालं. म्हणून तिकडच्या बँकेचं पासबुक दर महिन्याला बघायचं, जास्तीचं असेल तर ते आईसाठीच, पावती ठेवून, खर्च करायचं, चष्मा, दात, कानाचं मशीन, किंवा अंत्यसंस्काराचा परत न घेता येणारा आगाऊ करार, जो चालतो. हा शेवटचा विषय घरात काढायला जड जातो, मला माहिती आहे. मुलांनी आईच्या वाढदिवसाला तिच्या खात्यात पैसे टाकू नयेत. बंद करतोय अशी नोटीस आली तर घाबरून बसू नका, त्यावर फेअर हिअरिंग, म्हणजे अपिलाची सुनावणी, मागायची मुदत छापलेली असते, आणि ज्या तारखेपासून बंद होणार त्याच्या आत मागितली तर निकाल लागेपर्यंत कव्हरेज चालू ठेवता येतं.

नर्सिंग होमच्या ॲडमिशनच्या कागदांवर "रिस्पॉन्सिबल पार्टी" म्हणून सही मागतात. आमच्याकडे एका ठिकाणी फार घाई केली होती, आई बाहेर स्ट्रेचरवर आणि हातात पेन. १९८७चा फेडरल कायदा आहे, ॲडमिशनसाठी घरच्या माणसाची पैशाची हमी मागता येत नाही. सही करायची तर आईच्या वतीने, तिची एजंट म्हणून, तसं शब्दात लिहून. शेजारच्या पेन्सिल्वेनियात तर मुलांवर आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकणारा कायदाच आहे, २०१२ साली तिथल्या कोर्टाने एका मुलाला आईचं सुमारे ९३,००० डॉलरचं नर्सिंग होमचं बिल भरायला लावलं, ती आई मेडिकेडचा अर्ज निकालात निघायच्या आत ग्रीसला निघून गेलेली होती. परदेशातून आलेल्या कुटुंबांनी ही केस मुद्दाम लक्षात ठेवावी.

काही लोक म्हणतात की मुलं चांगली कमावती असताना आईला सरकारच्या पैशावर ठेवणं बरं दिसत नाही. हे माझ्या मनाला लागतं. आईच्या नावावर जे काही होतं, बाबांची ग्रॅच्युइटी, एफडी, माहेरच्या जमिनीचा हिस्सा, ते सगळं आधी तिच्यावर खर्च झालंय, आम्ही तीन वर्षं तिला घरी सांभाळलंय, आणि तिच्या मागे काही उरलं तर ५५ वर्षांनंतर दिलेल्या केअरचा खर्च राज्य तिच्या इस्टेटीतून वसूल करतंच. लपवलेलं काही नाही. महिन्याला तेरा हजार डॉलर भरण्याची ताकद असलेली मराठी घरं मी तरी फार पाहिली नाहीत, आणि ती ताकद नाही म्हणून आईला कमी केअर मिळावी असं मला वाटत नाही.

२०२५च्या नवीन फेडरल कायद्यातलं एक लगेच नोंदवून ठेवा. आत्तापर्यंत अर्ज करण्याआधीच्या तीन महिन्यांची बिलं मेडिकेड मागे जाऊन देऊ शकत होतं, १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना आपल्या आई-बाबांच्या वर्गात दोनच महिने मिळतील. म्हणजे कागद गोळा करायला तेवढा वेळ कमी. आणि इंडियातून एक व्हॅल्युएशन, एक फेरफार उतारा आणि एक बँक सर्टिफिकेट मागवायला किती वेळ लागतो ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळे आईचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे ते या आठवड्यातच महाभूमीच्या साइटवर बघून घ्या, गाव आणि गट नंबर मामांना विचारा, आणि विचारताना कशासाठी तेही त्यांना नीट सांगा.